रद्दीच्या एका गठ्ठ्यावरून : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतली सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळेत जे झालं, त्यावरून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चाललंय. मी त्यात एक अक्षर लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते. पण काल रात्री सचिवांनी हॉलच्या ट्रस्टला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा टाकला. त्यातलं 'केअरटेकरने आमच्या मुलांशी वंशद्वेषी वर्तन केले' हे वाक्य वाचलं आणि झोप उडाली. ग्रुपवर लांबलचक लिहिलं की 'ताई, थोडक्यात सांगा ना' असं येतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. लिव्हरपूलच्या आसपास नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या इतर मराठी घरांच्या नजरेस पडलं तर बरंच.

आधी झालं काय ते सांगते, कारण ग्रुपवर तावातावाने लिहिणारे निम्मे जण तिथे नव्हतेच. हॉलच्या लाकडी फरशीला माती लागू नये म्हणून पेपर अंथरायचे होते. हल्ली पेपर येतो कोणाच्या घरी? म्हणून आपल्यातल्या एकाने येताना मोटरवेवरच्या सर्व्हिस स्टेशनवरून स्वस्तातला पेपर पाहून बारा प्रती उचलल्या. लाल पट्टीवर पांढरी ठसठशीत अक्षरं, 'द सन'. मुलं मांडी घालून बसली, हात कोपरापर्यंत बरबटले, कोणाची सोंड उजवीकडे वळत होती तर कोणाची गळून पडत होती. तेवढ्यात केअरटेकर आजोबा चहाचं पाणी ठेवायला आले आणि दारातच थबकले. मग खाली वाकून एकेका मुलापुढचा कागद ओढून काढायला लागले. एका चिमुरडीचा गणपती लवंडला, तिने भोकाड पसरलं. 'नॉट इन हिअर, लव्ह,' एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. सगळे कागद बोळा करून काळ्या पिशवीत कोंबले, आत गेले, आणि 'लिव्हरपूल एको' या इथल्या पेपरचा हा एवढा गठ्ठा आणून मुलांपुढे ठेवला.

तो गठ्ठा आणल्याचं आपल्या मसुद्यात नाही. त्यांचे हात थरथरत होते, हेही नाही.

त्यांनी मुलांना घाबरवलं ते चुकलंच. आधी आपल्यापैकी एखाद्या मोठ्याशी बोलायला हवं होतं. पण हा राग कातडीच्या रंगाचा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण तेवीस वर्षांपूर्वी माझीही अगदी हीच समजूत झाली होती. मी 2002 साली मिरजेहून इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले. लंडनला उतरून युस्टनहून गाडी पकडली, तेव्हा स्टेशनवर हाच पेपर घेतला होता. कारण साधं होतं. त्यातलं इंग्रजी मला समजत होतं. छोटी वाक्यं, छोटे शब्द, एक बातमी दोन घासांत संपायची. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो टेबलावर ठेवून मी जेवत होते. शेजारी बसायला आलेल्या एका वयस्क नर्सने तो उचलला, पालथा घातला, त्यावर आपला ट्रे ठेवला आणि म्हणाली, 'नवीन दिसतेस.' मला वाटलं, झालं, हिला आपलं इथे येणंच खुपतंय. जेवण झाल्यावर ती मला सिगरेट ओढायला म्हणून बाहेर घेऊन गेली आणि पंधरा मिनिटांत जे सांगितलं, ते मी आता तुम्हाला सांगते. जरा पदरचीही भर घालते.

हा पेपर मुळात कामगारांचा. 1912 पासून चालत आलेला 'डेली हेरल्ड' कामगार चळवळीचा म्हणून ओळखला जायचा. तो तोट्यात गेल्यावर मालकांनी 1964 च्या सप्टेंबरात नाव बदलून 'द सन' काढला, तोही धड चालेना. 1969 साली ऑस्ट्रेलियन पेपरमालक रुपर्ट मरडॉक यांनी तो विकत घेतला आणि 17 नोव्हेंबरला टॅब्लॉइड आकारात, म्हणजे मोठ्या पेपरच्या निम्म्या पानात, बाजारात आणला. बसमध्ये शेजाऱ्याच्या नाकाला न लागता उघडता येईल असा पेपर. बरोबर वर्षाने तिसऱ्या पानावर अर्धनग्न तरुणीचा फोटो सुरू झाला, तो थेट 2015 पर्यंत चालला. खेळ, टीव्ही, भानगडी, बक्षिसं. 1978 पर्यंत त्याने 'डेली मिरर'ला मागे टाकलं आणि पुढे खप चाळीस लाखांच्या वर गेला.

नुसता उघड्या फोटोंवर एवढा खप होत नाही हो. मरडॉक यांचे पहिले संपादक लॅरी लॅम्ब काय किंवा 1981 साली आलेले केल्व्हिन मॅकेन्झी काय, कारखान्यातल्या माणसाला चहाच्या सुट्टीत वाचता येईल असं लिहिणं त्यांना साधलं होतं. आपल्याकडच्या कित्येक अग्रलेखकारांना ते जन्मात जमणार नाही. मथळा तर त्यांनी असा काही घासूनपुसून धारदार केला की बातमी वाचायची गरजच उरू नये. आणि गोची तिथेच होती. 1979 च्या जानेवारीत संपांनी देश ठप्प असताना पंतप्रधान कॅलहन परदेशातून परतले. पेपरचा मथळा होता, 'क्रायसिस? व्हॉट क्रायसिस?' कॅलहन हे शब्द बोललेच नव्हते. आजही लोक ते त्यांच्याच तोंडी घालतात. 1982 साली फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाची 'बेलग्रानो' ही युद्धनौका बुडाली, 323 माणसं गेली, आणि पहिल्या आवृत्तीचा मथळा होता 'गॉचा'. 'कसं पकडलं!' असा लपाछपीतला शब्द. मृतांचा अंदाज आल्यावर पुढच्या आवृत्त्यांत तो बदलला. 1986 साली एका विनोदी नटाने कोणाचातरी पाळीव हॅमस्टर पावात घालून खाल्ल्याची बातमी पहिल्या पानावर आली. खोटी होती. लोक पोट धरून हसले आणि विसरले. एल्टन जॉन मात्र विसरले नाहीत. त्यांच्याबद्दलच्या खोट्या बातम्यांपायी 1988 साली दहा लाख पौंड मोजावे लागले आणि पहिल्या पानावर 'सॉरी एल्टन' छापावं लागलं.

ज्याच्यापाशी दहा लाख पौंडांचा दावा लावण्याची ऐपत आहे, त्याला 'सॉरी' मिळते, हे एवढं लक्षात ठेवा.

15 एप्रिल 1989, शनिवार. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबांचा एफए कप उपांत्य सामना. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूची जागा दिलेली. ती मोजक्याच फिरत्या फाटकांची, त्यामुळे बाहेर गर्दी तुंबली. तीनला आठ मिनिटं कमी असताना पोलिस अधिकाऱ्यांनी बाहेर पडायचं एक मोठं दार आत येण्यासाठी उघडायला लावलं. दोनेक हजार माणसं आत आली आणि समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या पिंजऱ्यांत, म्हणजे उभं राहून सामना पाहायच्या जाळीबंद कप्प्यांत गेली, जे आधीच गच्च भरलेले होते. बोगदा बंद करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे लोखंडी जाळी. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबला, तोवर माणसं उभ्या उभ्या गुदमरत होती. मृतांचा आकडा पुढे 97 झाला. शेवटचा 2021 साली गेला, बत्तीस वर्षं त्या दुखापतीसह जगून. त्यांत 38 जण वीसच्या आतले होते. सगळ्यात लहान दहा वर्षांचा. पुढे लिव्हरपूलचा कर्णधार झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा तो चुलत-मावसभावांपैकी.

चौथ्या दिवशी, बुधवारी, 19 एप्रिलला, अंत्ययात्राही उरकल्या नव्हत्या तेव्हा, 'द सन'च्या पहिल्या पानावर दोनच शब्द होते, 'द ट्रुथ'. खाली तीन ओळी. काही चाहत्यांनी मृतांचे खिसे साफ केले. काहींनी शूर पोलिसांवर लघवी केली. तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला काहींनी मारहाण केली.

ही माहिती शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेमार्फत आलेली, पोलिसांच्या आणि तिथल्या एका खासदाराच्या तोंडची. इतर पेपरांनीही ती कमी-जास्त छापली, पण 'पोलिसांचा आरोप' म्हणून. मॅकेन्झींनी तिला 'सत्य' असं नाव दिलं. त्या 'ट्रुथ'च्या जागी 'पोलिस म्हणतात' असं असतं, तर परवा आपल्या मुलांचे गणपती बहुधा लवंडले नसते.

आपल्याला मथळ्याचं बळ शिकवायला नको. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 1897 सालचा 'केसरी'चा मथळा शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय. तो सत्तेवर बसलेल्यांना विचारलेला प्रश्न होता, आणि विचारणारा तुरुंगात जायला तयार होता. इथे पोटच्या पोराची ओळख पटवून नुकत्याच परतलेल्या आयांना सांगितलं जात होतं की तुमचाच पोरगा भुरटा आणि दारुडा होता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतरिम अहवाल आला. मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं, आणि हे आरोप निराधार, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे चार महिन्यांत खोटं उघडं पडलं होतं. पण सरकारी अहवाल वाचतो कोण, आणि पहिलं पान विसरतो कोण?

लिव्हरपूलकरांनी मात्र अहवालाची वाट पाहिली नव्हती. शेजारच्या कर्कबी गावात बायकांनी भर बाजारात या पेपरच्या प्रती जाळल्या. आणि मग शहराने तो घेणंच सोडलं. कोणी कायदा केला नाही, कोणी फतवा काढला नाही. टॅक्सीच्या काचेवर 'डोन्ट बाय द सन'चे स्टिकर तुम्ही पाहिले असतील. कित्येक दुकानांत तो ठेवतच नाहीत, म्हणून तर आपल्या माणसाला तो मोटरवेवर मिळाला. इथले लोक लिहितानासुद्धा नावातलं मधलं अक्षर गाळून तिथे फुली टाकतात, शिवी लिहावी तशी.

परवा सगळे गेल्यावर मी कप विसळायला मागे थांबले होते. आजोबा टॉवेल घेऊन शेजारी उभे राहिले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, त्यांच्या आईचं पेपरचं दुकान होतं. त्या बुधवारी पहाटे गाडीवाल्याने गठ्ठे टाकले, तिने वरची प्रत पाहिली आणि त्या गठ्ठ्याची दोरी कापलीच नाही. दुकान बंद होईपर्यंत कधी कापली नाही. 'गिऱ्हाईक तुटेल म्हणून वडील कुरकुरले होते,' म्हणाले, 'पण विचारायला एक जण आला नाही.' कोणी गेलं का तुमचं त्यात, असं मी विचारलं नाही. मग स्वतःहूनच म्हणाले, 'त्या चिमुरडीला सांगशील का, तिचा एलिफंट फारच सुंदर झाला होता.' एलिफंट म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

पेपरची ताकद किती ते मोजायचं तर लोक निवडणुकांकडे बोट दाखवतात. 1992 च्या मतदानाच्या दिवशी पहिल्या पानावर मजूर पक्षाच्या किनक यांचं डोकं विजेच्या दिव्यात घातलेलं. हे जिंकले तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, असा मजकूर. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे जॉन मेजर जिंकले आणि मतदानानंतर दोन दिवसांनी पेपरनेच फुशारकी मारली, 'इट्स द सन वॉट वन इट'. म्हणजे ही निवडणूक आम्हीच जिंकून दिली. 1997 साली वारं फिरलेलं पाहून हाच पेपर मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या मागे उभा राहिला. त्याआधी, 1995 साली, ब्लेअर मरडॉक यांच्या माणसांपुढे भाषण करायला पार ऑस्ट्रेलियातल्या बेटापर्यंत जाऊन आले होते. कोण कोणाच्या मागे होतं ते तुम्हीच ठरवा. पेपरने निवडणूक जिंकून दिली की जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावले, हा वाद कायमचाच आहे, आणि मला स्वतःला दुसरं जास्त पटतं.

पण आपल्या शहराने नकळत एक प्रयोगच करून ठेवला. दोन राज्यशास्त्रज्ञांनी मर्सीसाइडमधल्या, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या, लोकांची सर्वेक्षणांतली मतं आणि बाकी इंग्लंडची मतं, बहिष्काराच्या आधीची आणि नंतरची, शेजारी ठेवून पाहिली. वर्षानुवर्षं युरोपच्या नावाने बोटं मोडणारा हा पेपर जिथे वाचला गेला नाही, तिथे युरोपविरोध बाकी देशासारखा वाढला नाही, उलट घटला, असं त्यांना आढळलं. 2016 च्या सार्वमतात 'द सन' युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने होता. लिव्हरपूलने 58 टक्के मतं युरोपात राहण्याला दिली. सगळं श्रेय पेपर न घेण्याला देता येणार नाही, या शहराचं बाकी देशाशी तसंही फारसं पटत नाही. तरी रोज सकाळी चहाबरोबर काय पोटात जातं याने माणूस बदलतो, एवढं कळायला पुरेसं आहे.

'माफी मागितली ना त्यांनी, आता किती ताणायचं?' असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय. मागितली. पहिली मोठी, पानभर, 2004 साली, पंधरा वर्षांनी. इथल्याच फुटबॉलपटू वेन रूनीने या पेपरला आपली कहाणी विकल्यावरून शहर खवळलं होतं, तेव्हा. मॅकेन्झी पुढे एकदा म्हणाले होते की मी पूर्वी जी दिलगिरी व्यक्त केली ती मालकांनी सांगितलं म्हणून. 2012 च्या सप्टेंबरात हिल्सबरोसाठी नेमलेल्या स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघड केली. 164 पोलिसांचे जबाब बदलले गेले होते, त्यातल्या 116 जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी 'द सन'चा मथळा, 'द रिअल ट्रुथ'. तेवीस वर्षांनी. आणि 26 एप्रिल 2016 ला ज्युरीने हे मृत्यू बेकायदा हत्या ठरवले, चाहत्यांचा दोष नाही असं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळ्या ब्रिटिश पेपरांच्या पहिल्या पानावर ती बातमी होती. 'द सन'च्या नव्हती. आत होती. चाहत्यांना चोर ठरवायला पहिलं पान, आणि निर्दोष ठरले तेव्हा आतलं.

2017 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूल क्लबने या पेपरच्या वार्ताहरांना मैदान बंद केलं. दोन महिन्यांनी शहरातल्या दुसऱ्या क्लबने, एव्हर्टननेही केलं. ते का, हे आपल्या मसुद्याच्या लेखकाने जरूर वाचावं. हेच मॅकेन्झी तेव्हा 'द सन'मध्ये स्तंभ लिहीत, आणि त्यात त्यांनी एव्हर्टनचा खेळाडू रॉस बार्कली याची तुलना गोरिलाशी केली. बार्कलीचे आजोबा नायजेरियन. वंशद्वेषाबद्दल कागद काढला तो केअरटेकर आजोबांवर, आणि अंथरला होता हा पेपर!

वंशद्वेष इथे नाही, असं मी म्हणत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर दंगल पेटली, वॉल्टनमधली स्पेलो लेनची लायब्ररी जाळली, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी आठवडाभर बसने गेल्या नाहीत. मीही त्यातली. म्हणूनच तो शब्द जपून वापरायचा असतो. खरी वेळ येईल तेव्हा लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवायला हवा ना?

राहिला प्रश्न 'कागद तो कागद, त्यात काय एवढं' याचा. हे लिहिणाऱ्याच्या घरी, जमिनीवर पडलेल्या कागदाला पाय लागला तर त्याला हात लावून नमस्कार करायला कोणी शिकवलं नव्हतं का? माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, तरी ती पुडीच्या कागदालासुद्धा पाय लावू द्यायची नाही. कागदात काहीतरी असतं, असं मानणारी माणसं आपण. मग त्यात सरस्वती असते तसं कधी विषही असू शकतं, हे कळायला अवघड का जावं? आणि 'पस्तीस वर्षं झाली' म्हणणाऱ्यांना एकच आठवण. पानिपताला अडीचशेच्या वर वर्षं झाली, तरी आपण साध्या परीक्षेत दांडी उडाली तर 'पानिपत झालं' म्हणतो.

तर विनंती अशी. तो मसुदा पाठवू नका. अध्यक्ष आणि सचिवांनी येत्या शनिवारी हॉलवर जाऊन आजोबांना भेटावं, आम्हाला माहीत नव्हतं एवढं सांगावं. मी बरोबर येईन. त्यांच्या वागण्याने आपली पोर घाबरली, हेही मोकळेपणाने सांगा, ते ऐकून घेतील. पेपर आणणाऱ्या आपल्या मित्राला कोणी बोल लावू नका, त्याला इथे येऊन चार महिने झालेत आणि मीही एकदा युस्टनवर तेच केलं होतं. गणेश चतुर्थीच्या आरतीचं बोलावणं आजोबांना द्यायचं का, ते बैठकीत ठरवा. माझं मत द्यावं असं आहे.

रंगकामाच्या दिवशी अंथरायला रद्दी मी आणते. वर्षभराचे 'एको' गॅरेजमध्ये बांधून ठेवलेत. ब्रश आणि पोस्टर कलर तेवढे कोणीतरी पाहा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद